मॉडेल रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक

पावसाळा तोंडावर आला की कोकण रेल्वे दरवर्षी वेळापत्रक बदलते. गाड्यांचा वेग उतरतो, प्रवासाला जास्त वेळ लागतो आणि लोकही ते धरूनच चालतात. माथेरानची राणी तर त्या दिवसांत नेरळहून निघतच नाही. वर अमन लॉज ते माथेरान एवढ्या टप्प्यात शटल तेवढी चालू असते. खऱ्या रेल्वेला जे कळतं ते घरात रेल्वे मांडणाऱ्याला पहिल्या वर्षी कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

या छंदाची बहुतेक माहिती आपल्याला इंग्रजी मासिकांतून आणि व्हिडिओंतून मिळते, आणि ती सगळी बर्फाच्या मुलखातली. तिकडे नोव्हेंबरात दिवस लहान झाला, बागेतलं काम संपलं की माणसं तळघरात उतरतात आणि मार्चपर्यंत रूळ टाकत बसतात. आपण ते वाचतो आणि मनात म्हणतो, आपल्याकडे घरात अडकवून ठेवणारा ऋतू म्हणजे पावसाळा, तेव्हा जुलैत सुरुवात करू. वेळ आहे, हुरूप आहे, बाहेर धो-धो पाऊस आहे, हातात चहा आहे. घरात बसायला यापेक्षा चांगला काळ नाही हे खरं, पण लाकूड ठोकायला यापेक्षा वाईट काळ नाही.

माझी पहिली रेल्वे पुण्यात, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, अशाच एका जुलैत उभी राहिली. सहा फुटी एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, त्यावर एचओ या मापाचे रूळ, टोकाला टोक घट्ट भिडवून. फट कुठे दिसली तर कमीपणा वाटायचा. दिवाळीपर्यंत गाडी लोण्यासारखी धावली. एप्रिलच्या एका दुपारी खोली उघडली तर लांबच्या बाजूचा रूळ सापासारखा वळवळून स्लीपरसकट फळीवरून उचलला गेला होता. हात कोणीच लावला नव्हता. पावसात फुगलेली फळी उन्हाळ्यात सुकून आखडली होती आणि त्याच वेळी रूळ तापून लांबले होते. दोघांनी मिळून काम तमाम केलं.

म्हणून खालच्या पायऱ्या वर्षाच्या क्रमाने लिहिल्या आहेत. सुरुवात जूनपासून करतो, कारण बहुतेकांचा उत्साह तेव्हाच उफाळतो. माझा हिशेब पुण्याच्या हवेचा आहे. कोकणात, विदर्भात आणि परदेशात काय बदलायचं ते शेवटी येईल.

पायरी १ (जून): खोलीची नाडी बघा

काहीही विकत घेण्याआधी एक छोटा हायग्रोमीटर घ्या, तापमान आणि दमटपणा दोन्ही दाखवणारा. ज्या भिंतीशी रेल्वे मांडायची तिथेच तो ठेवा आणि कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळ-रात्रीचे आकडे लिहा. दोन-तीन आठवड्यांत खोलीचा स्वभाव कळतो. पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत टाळा. तिला आज ओल दिसत नसली तरी ऑगस्टात दिसेल. मोरीला किंवा बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. गच्चीवरची खोली मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि मेच्या दुपारी ४० असा खेळ चालतो. त्यापेक्षा घरातला मधला, काळोखा, कोणाला नको असलेला कोपरा रेल्वेला जास्त मानवतो.

पायरी २ (जुलै–ऑगस्ट): टेबलावरची कामं

या दोन महिन्यांत मोठं लाकूड, पीओपी आणि स्प्रेचा रंग या तीन गोष्टींना हात लावायचा नाही. उरलेली कामं पुष्कळ आहेत.

पहिलं काम आराखड्याचं. एचओ म्हणजे १:८७ प्रमाण, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे अंतर परदेशातल्या स्टँडर्ड गेजचं आहे. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला हिशेबाने १९.३ मिलिमीटर लागेल. पण तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत, म्हणून बहुतेक जण १६.५ वरच भारतीय डबे चालवतात आणि डोळ्यांना ते फारसं खटकत नाही. जागा अगदीच कमी असेल तर एन स्केल, १:१६०, ९ मिलिमीटरचे रूळ. आणि एक गंमत अशी की एचओमध्ये आपलं ७६२ मिलिमीटरचं नॅरोगेज करायचं म्हटलं तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणजे एन स्केलचे रूळ जवळजवळ चपखल बसतात. पाचोरा–जामनेर किंवा कापसासाठी टाकलेली विदर्भातली शकुंतला दरवाजाएवढ्या फळीवर मावते ती यामुळे.

घाट करायची हौस प्रत्येकाला असते. करा, पण आधी आकडेमोड करा. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाचा चढ १:३७ आहे. मॉडेलवर तोच चढ ठेवला तर एका रुळावरून दुसरा न्यायला लागणारी आठ सेंटिमीटर उंची गाठायला तीन मीटर लांबी खर्च होते. खऱ्या घाटात कर्जतहून मागे बँकर इंजिनं का जोडतात ते असा चढ एकदा करून पाहिला की पटतं. जुन्या वर्तमानपत्रांवर खऱ्या मापात रूळ आखा, पुठ्ठ्याची स्टेशनं उभी करा, जमिनीवर पसरा, पुसा, पुन्हा आखा. पावसाचे सगळे रविवार यात गेले तरी चालतील.

दुसरं काम डबे आणि इमारती जोडण्याचं. इथे दमट हवा गोंदाशी खेळते. फेव्हिकॉल नेहमीपेक्षा सावकाश सुकतो, तेव्हा रात्री जोडलेला भाग सकाळी लगेच ताणून बघू नका. फेविक्विकचं उलटं. तो हवेतल्या ओलाव्यानेच धरतो, त्यामुळे पावसाळ्यात चटकन पकडतो आणि जोडाच्या आजूबाजूला पांढुरकी बुरशी आल्यासारखी छटा सोडतो. पारदर्शक खिडक्यांना तो लावायचाच नाही. काचेला पांढरा गोंद बरा, सुकल्यावर तो दिसत नाही.

तिसरं, कडकडाट सुरू झाला की ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून थांबू नका. वळवाच्या पावसालाही हाच नियम.

गाडी फिरवल्याशिवाय चैन पडत नसेल तर जेवणाच्या टेबलावर गोल मांडा, तासभर चालवा आणि आवरून ठेवा. रूळ खिळायचा मोह तेवढा आवरा.

पायरी ३ (सप्टेंबर–ऑक्टोबर): लाकूड आणा, पण वापरू नका

गणपती गेले, पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की लाकडाच्या वखारीत जा. एमडीएफ स्वस्त पडतं, पण पाणी पितं. कडेला एकदा ओल लागली की तो भाग फुगतो आणि सुकला तरी पुन्हा बसत नाही. बारा एमएमचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा प्लाय घ्या. नुसती ओल सोसणाऱ्या एमआर प्लायपेक्षा तो महाग पडतो, पण बचत दुसरीकडे करा. खालच्या चौकटीला पॅकिंगच्या खोक्यांतल्या पाइनच्या पट्ट्या चालतील. त्या सरळ आहेत का ते एक डोळा मिटून लांबीकडून बघा, आणि दुकानदार घाई करत असेल तरी दहा-दहा पट्ट्या उचलून बघा.

घरी आणलेलं लाकूड लगेच कापायचं नाही. ज्या खोलीत रेल्वे राहणार तिथेच, खाली ठोकळे देऊन, दोन थरांत हवा खेळेल असं पंधरा दिवस पडू द्या. घरच्यांची बोलणी खावी लागतील, ती खा. वखारीतली ओल खोलीच्या हवेशी जुळल्यावरच लाकूड आपल्या खऱ्या मापाला येतं.

कापून झाल्यावर प्रायमर. हा वरून, खालून आणि विशेषतः कापलेल्या कडांना. एकाच बाजूला रंग दिला तर उघडी बाजू ओल पिते, बंद बाजू पीत नाही आणि फळी पापडासारखी वाकते. खालची बाजू कोणाला दिसणार, म्हणून ती सोडून देणारे नवखे मी बरेच पाहिले आहेत. वाळवीचं औषध याच वेळी चौकटीच्या पायांना लावून घ्या.

पायरी ४ (दिवाळी ते संक्रांत): रूळ

वर्षातले हे अडीच महिने सोन्याचे. हवा कोरडी, घाम नाही, पंखा बंद ठेवता येतो. मोठ्या कामाच्या सुट्ट्या इथे खर्च करा. नेमकी लग्नसराईही इथेच येते, त्याला इलाज नाही.

रूळ ज्या धातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात. आपल्याकडे त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात, अत्तरदाणी-गुलाबदाणीतलं. नावात चांदी असली तरी आत मुख्यतः तांबं, मग निकेल आणि जस्त. तापमान २५ अंशांनी वाढलं तर तीन मीटर रूळ साधारण सव्वा मिलिमीटर लांबतो. एवढ्याने काय होतंय असं वाटेल. पण फळीही त्याच वेळी आखडत असेल तर तेवढं पुरतं.

तेव्हा जोड देताना असं करा. रूळ टाकण्याआधी हायग्रोमीटरवरचं तापमान बघा. सकाळी १५-१८ अंश असेल तर दोन रुळांच्या टोकांमध्ये व्हिजिटिंग कार्ड धरा, रूळ त्याला अलगद टेकवा, खिळा मारा आणि कार्ड ओढून काढा. दुपारी २८-३० असेल तर साधा कागद पुरे. नाइलाजाने मेमध्ये जोड द्यावा लागला तर फट जवळजवळ नकोच, कारण रूळ आधीच लांबलेला आहे. फ्लेक्स ट्रॅकचा, म्हणजे हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाचा, एक तुकडा ९१४ मिलिमीटरचा येतो. प्रत्येक तुकड्याला एक फट हे प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. वळणावर मात्र जोड झाळून घ्यावेच लागतात, नाहीतर तिथे कोन पडतो आणि बोगी उतरते. मग फट वळण संपल्यावरच्या सरळ भागात द्या.

झाळलेला जोड सोडून बाकी ठिकाणी वीज फक्त जॉइनरच्या भरवशावर सोडू नका. रुळांना जोडणारी ही पत्र्याची चिमटी दोन पावसाळ्यांत आतून काळवंडते आणि मग गाडी ठरावीक जागी येऊन आचके देते. प्रत्येक तुकड्याला खालून एक लाल आणि एक काळी वायर झाळा आणि फळीखालच्या जाड वायरींना जोडा. कंटाळवाणं काम आहे. डिसेंबरमध्ये, पाठीला घाम नसताना ते त्यातल्या त्यात सुसह्य होतं. झाळताना जोड नीट धरावा म्हणून लावतात तो फ्लक्स रोझिनचाच वापरा. नळजोडणीचा अ‍ॅसिड फ्लक्स उरला असेल तर तो नळालाच ठेवा. रुळावर त्याचा अंश राहिला तर पहिल्याच पावसात हिरवं कीट धरतं.

सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे पॉइंट, बसवताना खाली गोंद लावायचा नाही, नुसते खिळ्यांवर ठेवायचे. हवा बदलली की सर्वांत आधी सांधा हट्ट करतो, आणि तो काढून हातात घेता आला पाहिजे.

पायरी ५ (जानेवारी–मार्च): माती, गवत, रंग

इथे मराठी माणसाला शिकवायला फारसं काही लागू नये. लहानपणी दिवाळीचा किल्ला केला असेल तर तुमचं निम्मं प्रशिक्षण झालेलं आहे. विटांवर गोणपाट, त्यावर चिखल, मग अळीव पेरून आलेलं हिरवं शेत. रेल्वेच्या डोंगराची रीत तीच, फक्त हा डोंगर वर्षानुवर्षं टिकवायचा आहे. चिखलाऐवजी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, त्यावर गोंदात भिजवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, वर पीओपीचा पातळ हात. मैद्याची खळ वापरायची झाली तर मोरचूद घालून, बुकबाइंडर घालतात तशी. नाहीतर पावसाळ्यात झुरळं आणि कसर सगळा डोंगर कुरतडतात. मोरचूद विषारी आहे, भांडं आणि चमचा त्यासाठी वेगळाच ठेवा आणि मुलांपासून लांब. सोपं हवं असेल तर सरळ फेव्हिकॉलमध्ये पाणी घाला.

पीओपीची पिशवी गेल्या पावसाळ्यातली असेल तर फेकून द्या. हवेतली ओल पिऊन ती अर्धी मेलेली असते. भिजवल्यावर गुठळ्या होतात आणि घट्ट बसत नाही.

किल्ला मोडल्यावर उरलेली माती मी दरवर्षी ठेवतो. ती सुकवून, आधी पिठाच्या आणि मग मैद्याच्या चाळणीतून गाळतो आणि पत्र्याच्या ताटलीत तासभर भाजतो म्हणजे किडे-अंडी मरतात. अशी पुण्याची माती कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्यातले लोखंडाचे कण मात्र चुंबक फिरवून काढा, नाहीतर ते इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतील. आपल्या काळ्या दगडाच्या मातीत ते असतातच.

आता मुख्य निर्णय: तुमच्या मॉडेलमध्ये कोणता महिना आहे? हा प्रश्न नवखे विचारतच नाहीत. परदेशी गवताची पिशवी आणतात, सगळीकडे पोपटी पसरतात आणि खंडाळ्याचं स्वित्झर्लंड होतं. सह्याद्री हिरवा असतो तो जुलै ते ऑक्टोबर. नोव्हेंबरात गवत पिवळं, फेब्रुवारीत डोंगर तपकिरी, त्यात पळस पेटलेला. मेमध्ये सगळं करपलेलं आणि स्टेशनबाहेर एक गुलमोहर. पावसाळा दाखवायचा तर धबधबे, ओले रूळ, चिखल, छत्र्या, डब्यांवर ताडपत्री हे सगळं आलं, म्हणजे काम तिप्पट. पहिल्या खेपेला फेब्रुवारी निवडा. तपकिरी जमीन, थोडं वाळलं गवत, दोन-चार बाभळी, निष्पर्ण झाडांसाठी वाळक्या काटक्या. चुका मातीत मिसळून जातात.

स्प्रेचे रंग याच काळात उरका. दमट हवेत मारलेला लॅकर सुकताना दुधाळ होतो. डब्याचा छान तांबडा रंग भस्म फासल्यासारखा दिसतो. दमटपणा ६०च्या खाली असेल तेव्हा, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात, गॅलरीत. एअरब्रश असेल तर कंप्रेसरला पाणी अडवणारी बाटली हवीच.

पायरी ६ (एप्रिल–मे): परीक्षा

मुलांची संपली की रेल्वेची सुरू. भर दुपारी, खोली सर्वांत तापलेली असताना, डोळे रुळाच्या पातळीला आणून प्रत्येक सरळ भाग बघा. कुठे लाट दिसली तर तिथेच बारीक करवतीने अर्धा मिलिमीटरचा काप घ्या. पण कापाच्या दोन्ही बाजूंना वीज पोचेल ना हे आधी पाहा.

थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या डब्यांची काळजी घ्या. पीएलए हे त्यांचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत डॅशबोर्ड सहज तिथवर तापतो. प्रदर्शनाला नेताना एक आख्खा मालडबा मी असा केळ्यासारखा वाकवला आहे.

उरलेला वेळ गाड्या चालवा. भाचरं-पुतणी सुट्टीला आलेली असतात आणि कंट्रोलर सोडत नाहीत. पंखा मात्र रेल्वेवर रोखलेला नको, सगळं गवत जेवणाच्या ताटात येतं.

पायरी ७ (पुढचा जून): गाडी शेडमध्ये

पावसाआधी इंजिनं काढून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते भरले असं समजायचं. मग ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. रोजच्या स्वयंपाकाची ताटली त्याला घेऊ नका. रेल्वेवर झाकायला जुनी सुती साडी किंवा चादर. प्लास्टिक घातलंत तर आतली ओल आतच राहते आणि डोंगराला खरीखुरी बुरशी येते.

आठवड्यातून एकदा मात्र साडी बाजूला करून दहा मिनिटं गाडी चालवाच. त्याआधी सफाई अशी: सुती फडक्याच्या टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब, फडकं बोटावर गुंडाळून रुळाच्या माथ्यावरून फिरवायचं. फडक्यावर दोन काळ्या समांतर रेघा उमटतात. जागा बदलत राहा, रेघा फिकट होईपर्यंत. मग टिश्यू पेपर रुळावर आडवा टाकून ओलसर करा, इंजिनाची पुढची चाकं त्यावर आणि मागची उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हातात धरून करंट द्या. मागच्या चाकांतून वीज मिळते, पुढची जागच्या जागी फिरत आपली काजळी कागदाला पुसतात. मग उलट बाजूने. सँडपेपर कधीही नाही. त्याचे ओरखडे पुढच्या वर्षीची घाण धरून ठेवतात.

कुठे काय बदलायचं

रत्नागिरी-दापोलीकडे किंवा मुंबईत समुद्राजवळ असाल तर उन्हाळाही दमटच. तिथे फळी पुण्याइतकी आखडत नाही, पण खारी हवा स्टीलच्या प्रत्येक गोष्टीला खाते. खिळे आणि स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या आणि जुन्या सेटमधले स्टीलचे रूळ कोणी फुकट दिले तरी नको म्हणा. नागपूर-अकोल्याकडे उलट. दमटपणाचा त्रास पावसाळ्यापुरता, पण मेचं तापमान ४५ अंशांच्या घरात, म्हणून फटी सढळ ठेवा. तिथे कूलरच्या खोलीत रेल्वे मांडू नका. कूलर म्हणजे ऐन उन्हाळ्यात घरात आणलेला पावसाळा.

न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या तळघरात बसून हे वाचत असाल तर तुमचं वेळापत्रक वेगळं धरा. तिथे उन्हाळ्यात तळघर दमट होतं, तेव्हा डिह्युमिडिफायर चालवायचा. हिवाळ्यात हीटिंगने हवा इतकी कोरडी होते की लाकूड तेव्हाच आखडतं. रूळ मात्र तुमच्याकडे फारसे तापत नाहीत.

आणि पाली. त्यांना ऋतू नसतो. बोगद्यात गारवा मिळतो म्हणून त्या तिथे राहायला येतात, आणि पहिली गाडी आत शिरली की दुसऱ्या तोंडातून गाडीच्या आधी बाहेर पडतात. बोगद्याची दोन्ही तोंडं रात्री स्पंजच्या तुकड्याने बंद करा, आणि सकाळी गाडी सोडण्याआधी ते तुकडे काढायला विसरू नका.